भरो न भरो, सात-दहा

मागच्या महिन्यात लालसिंग राठोडला हिंगोलीला एका शिबिरात बोलावलं होतं. छोटा धंदा कसा चालवावा आणि कसा वाढवावा, यावर चार शब्द सांगायला. समोर शे-दीडशे माणसं बसलेली. कोंबड्या पाळणारे, पापड लाटणाऱ्या बाया, मोबाईल दुरुस्त करणारी पोरं. लालसिंगला शाल दिली, नारळ दिला आणि हातात माईक दिला. त्याने माईककडे असं पाहिलं म्हणे, की जणू माईकनेच त्याच्याकडे उसने पैसे मागितलेत. मग म्हणाला, "वेळेवर निघा. कोणासाठी थांबू नका. आणखी काय सांगू?" आणि खाली बसला. टाळ्या थांबेनात, असं तिथे गेलेले सांगतात.

मला कोणी बोलावलं नाही. मी भागवत, गोरेगाव ते हिंगोली लाइनीवर बावीस वर्षं जीप चालवतो. लालसिंग या लाइनीवर येऊन सहा वर्षं झाली. त्याची शाल पाहून माझ्या अंगाचा तिळपापड झाला, हे लपवत नाही. मला हा माणूस तेव्हा आवडत नव्हता आणि आजही आवडत नाही. पण त्याने जे दोन मिनिटांत उरकलं त्याच्यामागे काय काय झालं, ते त्या शिबिरात कोणी विचारलं नाही. म्हणून मी लिहितो आहे. खोटं लिहिणार नाही, कारण माझी पोरगी हे वाचेल आणि तोंडावर सांगेल.

आधी आमचा स्टँड समजून घ्या. नऊ जीपा. जो आधी आला त्याचा पहिला नंबर. पहिली जीप भरून सुटली की दुसरीने पुढे सरकायचं. भरली म्हणजे किती, हे गाडी बनवणाऱ्याने ठरवायचं नसतं, ते हरिचंद ठरवायचा. हरिचंद आमच्यातला सगळ्यात जुना ड्रायव्हर. तो फाळक्यावर हात मारून "चल" म्हणेपर्यंत जीप हलायची नाही, मग आत माणसाच्या मांडीवर माणूस का बसेना. यात कधी अर्धा तास जायचा, कधी दीड तास. कोणी कुरकुर केली की आम्ही म्हणायचो, "भरली की निघूच की बाप्पा, आमाला काय हौस हाय का उभं राह्यची?"

आता पॅसेंजरची एक खोड सांगतो. आम्ही त्याला सीट म्हणतो. रिकाम्या जीपमध्ये कोणतीच सीट चढत नाही. पहिली सीट व्हायला कोणी तयार नसतं, सगळ्यांना शेवटची सीट व्हायचं असतं. म्हणजे बसलं की गाडी सुटली पाहिजे. म्हणून प्रत्येक माणूस लांब चहाच्या टपरीवर उभा राहून दुसरा कोणी बसतो का, ते पाहत राहतो. यावर आमच्या स्टँडने उपाय काढला होता. त्याला आम्ही खोटी सीट म्हणायचो. ज्यांचे नंबर मागे असतील ते ड्रायव्हर पहिल्या जीपमध्ये पॅसेंजर होऊन बसायचे. पाच-सहा डोकी दिसली की खरी सीट यायची. खऱ्या सीटा आल्या की खोट्या एकेक करून उतरायच्या, कोणी पाणी प्यायला, कोणी थुंकायला, आणि परत यायच्याच नाहीत. आज मी तुझ्यात बसलो, उद्या तू माझ्यात.

ही कला होती. हरिचंदसारखी खोटी सीट मी दुसरी पाहिली नाही. खांद्यावर टॉवेल टाकून, मांडीवर कोणाची तरी पिशवी घेऊन बसायचा आणि ड्रायव्हरला अशा शिव्या द्यायचा की खरे पॅसेंजर त्याला साथ द्यायचे. "काय राव, तारीख हाय माझी कोर्टात, किती टाइम लावून राहिले!" नवीन माणसाला वाटायचं, हा एवढा चिडलाय म्हणजे गाडी आता सुटणारच.

पण नुसते बाप्ये बसलेल्या जीपमध्ये बाया बसत नाहीत. त्यासाठी एखादी बाई किंवा पोरगी लागते. माझ्या बायकोला, शिवकन्येला मी एकदा विचारून पाहिलं. ती म्हणाली, "दुकानातली बाहुली हाय का मी?" आणि तो विषय संपला. मग मी पुनमला बसवायला लागलो. माझी एकुलती एक लेक, तेव्हा पहिली-दुसरीत असेल. शाळा साडेदहाची, आणि ही सात वाजता दप्तर घेऊन पुढच्या सीटवर खिडकीशी. बाया विचारायच्या, "कुठं चालली गं माय?" ती शिकवल्याप्रमाणे सांगायची, "मामाच्या गावाला." बाया बसायच्या. मग ती गुपचूप दुसऱ्या दाराने उतरायची. तीसपर्यंतचे पाढे तिने त्याच सीटवर पाठ केले. माझ्या पोरीचा पायगुण चांगला, असं मी सगळ्यांना सांगायचो. सातवीत गेल्यावर एक दिवस ती म्हणाली, मी नाही बसणार, आणि नाही बसली. मी फार जोर केला नाही, तेवढ्यात स्वप्निल नावाच्या एका नव्या ड्रायव्हरची आई यायला लागली होती.

असा आमचा गुण्यागोविंदाने चाललेला धंदा, आणि त्यात हा लालसिंग आला.

जवळच्या तांड्यावरचा. आधी बरीच वर्षं साखर कारखान्यासाठी उसाचा ट्रॅक्टर हाकायचा. तिथे गेटवर दोन-दोन दिवस नंबर लावून ट्रॅक्टरखाली झोपावं लागतं. तो सांगतो, तिथेच त्याच्या वाट्याचं थांबणं संपलं. सांगायची पद्धत अशी, की थांबणारे आपण सगळे बैलच. शिवाय त्याचा आजा लदेणी घेऊन फिरायचा, म्हणजे बैलांच्या पाठीवर मीठ-धान्य लादून गावोगाव. "लदेणी कोणासाठी थांबत नव्हती," हे त्याचं ठरलेलं वाक्य. मी त्याच्याच तांड्यावरच्या एका म्हाताऱ्याला विचारलं तर तो म्हणाला, "थांबायची की. तांड्याच्या नायकाची बायको आवरेपर्यंत थांबायची." हे मी लालसिंगला ऐकवलं. तो हसलासुद्धा नाही. त्याला हसताना मी कधी पाहिलेलं नाही. हा माणूस सीटला "या" म्हणत नाही, "बसा" म्हणत नाही, हाका मारत नाही. कोणी म्हणालं, एक मिनिट थांबा, पुडी घेतो, तर हा पुडीवाल्याकडे नाही, घड्याळाकडे पाहतो.

पहिले आठ दिवस त्याने नंबर पाळला. नवव्या दिवशी त्याचा नंबर तिसरा होता, आणि तीन माणसं घेऊन तो सरळ निघाला. हरिचंद आडवा झाला.

"ए, तुझा नंबर तिसरा हाय."

"माझा नंबर मी लावतो," लालसिंग म्हणाला. "ह्या तिघांना कामाला जायचंय. तुमाला न्हाई."

त्या दिवशी आम्ही त्याला स्टँडवरून काढला. त्याने जीप रस्त्याच्या पलीकडे, शाळेच्या भिंतीला लावली. दुसऱ्या दिवशी तिथे पत्र्याची पाटी, अक्षरं वाकडीतिकडी, स्वतःच रंगवलेली: हिंगोली सकाळी ७.१०. भरो न भरो.

आम्ही पोट धरून हसलो. आणि हसून झाल्यावर त्रास द्यायला लागलो. दोनदा त्याच्या चाकातली हवा सोडली. तिसऱ्या दिवशी त्याने पायाने मारायचा पंप आणला आणि हवा भरून सात-दहाला निघाला. त्याच्या गाडीचा ब्रेक लागत नाही, असं आम्ही गावभर केलं. जाताना आम्ही ओळीने उभं राहून सलाम ठोकायचो, "निघाली, निघाली दोन शिटांची एसटी!" तांड्याचा माणूस आम्हाला धंदा शिकवतो, असंही बोललो. मीच बोललो. ते आज लिहिताना लाज वाटते, पण बोललो होतो. तो पहिला महिना रोज दोन-तीन सीटांवर डिझेल जाळत गेला आणि तसाच परत आला. हरिचंद म्हणाला, दिवाळीपर्यंत जीप विकतो हा.

एका सकाळी तर कहर झाला. सात-दहा झाले, आणि त्याची बायको रुख्मिणीबाई टोपलं घेऊन पंधरा-वीस पावलांवर होती. माहेरी चालली होती. लालसिंगने तिच्याकडे पाहिलं, घड्याळाकडे पाहिलं आणि गाडी काढली. लग्नाच्या बायकोला धुळीत उभी करून गेला! आम्हाला तर सोन्याचा दिवस वाटला. मी तिला मानाने माझ्या जीपमध्ये पुढे बसवली, भाडंही घेतलं नाही. एक तास गाडी भरेपर्यंत आणि नंतर पूर्ण रस्ताभर ती नवऱ्याला शिव्या देत होती, आणि आम्ही मध्ये मध्ये तेल ओतत होतो. हिंगोलीला उतरताना तिने टोपलं डोक्यावर घेतलं आणि मला म्हणाली, "आता परत जाताना मी दहा मिनटं आधीच जाऊन बसते मेल्याच्या गाडीत. तुमच्या गाडीत तर अख्खी सकाळ गेली माझी."

मी ते हसण्यावारी नेलं. धंद्यावर भाषणं देणारे सांगतात, गिऱ्हाईक देव आहे. लालसिंगने या देवाला चारदा रस्त्यावर सोडलं, आणि पाचव्या दिवशी देव दहा मिनिटं आधी येऊन बसला. ज्यांची कुठे ना कुठे हजेरी लागते ते सगळे हळूहळू शाळेच्या भिंतीकडे सरकले. दवाखान्यातली नर्स, बँकेतला शिपाई, कोर्टात तारीख असलेले, भाजीची पाटी वेळेवर बाजारात टेकवायची असलेल्या बाया. आमच्याकडे राहिले ते ज्यांना कुठेच वेळेवर जायचं नव्हतं. आणि अशी माणसं रोज प्रवास करत नाहीत, हे आमच्या ध्यानात यायला दोन वर्षं लागली.

मग हरिचंदने शक्कल काढली. "तो एकदा, फक्त एकदा कोणासाठी थांबला पायजे," तो म्हणाला. "एकदा थांबला की उद्या दहा जण म्हणतील, त्याच्यासाठी थांबला, माझ्यासाठी काहून न्हाई? झाली त्याची पाटी भंगारात." आम्ही गावातल्या एका पुढाऱ्याला त्याला फोन करायला लावला, निघालोच आहे, पाच मिनिटं थांब. नाही थांबला. मग अमृतरावांना तयार केलं. ऐंशीच्या पुढचे, गावात मान असलेले, हातात काठी. सात-नऊला त्यांनी रस्ता ओलांडायला सुरुवात करायची आणि मुंगीच्या पावलाने चालायचं, असं ठरलं. एवढ्या म्हाताऱ्या माणसाला सोडून कोण जाईल? लालसिंग गेला. अमृतराव काठी काखेत मारून त्याच्यामागे असे धावले की आमचंच बिंग फुटलं.

आता ती सकाळ सांगतो, जिच्यासाठी हे सगळं लिहायला बसलो. तीन वर्षं झाली त्याला.

पुनमची भरतीची परीक्षा होती. दोन वर्षं पोरगी हिंगोलीच्या अभ्यासिकेत रोज जाऊन खपली होती. परीक्षेचं गेट साडेआठला बंद, नंतर कलेक्टर आला तरी उघडणार नाही, असं हॉल तिकिटावर लिहिलेलं. रस्ता सव्वा तासाचा. सकाळी चहा देताना शिवकन्या म्हणाली, "आजच्या दिवस तिला लालसिंगच्या गाडीत जाऊ द्या."

मी कप खाली आपटला. "माझी गाडी दारात उभी असताना माझी पोरगी त्याच्या गाडीत? स्टँडवर तोंड दाखवू का न्हाई मी?"

"पप्पा, सात वाजता निघाल ना?" पुनमने विचारलं.

"सात म्हणजे सात," मी म्हणालो. आणि मला खरंच तसंच वाटत होतं. माझा पहिला नंबर होता. पोरीला सोडायचं आणि फेरीही व्हायची. दोन्ही कामं.

साडेसहाला ती पुढच्या सीटवर बसली, खिडकीशी, हॉल तिकीट प्लास्टिकच्या पाकिटात. मागे हरिचंद, स्वप्निल आणि आणखी एक ड्रायव्हर, असे तीन खोटे बसले. पावणेसातला आणखी दोन अनोळखी माणसं आली, पिशव्या घेऊन. मी मनात म्हटलं, दोन खऱ्या झाल्या. आणखी चार आल्या की निघू. मी ओरडायला लागलो, "चला हिंगोली, हिंगोली! दोनच सीट, दोनच सीट!"

सात वाजले. पुनम म्हणाली, "पप्पा."

"निघालोच. दोनच सीट."

सात-पाच झाले. तेवढ्यात शकुबाई आली. आमच्याच गल्लीतली म्हातारी, लेकीकडे चाललेली. तिने मागे फाळक्यातून डोकं घातलं, एकेकाच्या तोंडाकडे पाहिलं, आणि सगळ्या स्टँडला ऐकू जाईल असं म्हणाली, "काहून रे भागवत, हे तर सगळे डायव्हरच हायत की! हा हरिचंद, हा सपनील. आन् हे दोघं सेनगावच्या लाइनीवरचे. परवा ह्यांच्याच गाडीतून आले मी."

मी वळून पाहिलं. ते दोघं खाली पाहत होते. हरिचंदने त्यांना गाडी भरलेली दिसावी म्हणून बोलावून आणलं होतं, माझ्यावर उपकार म्हणून, आणि सांगायचं राहून गेलं होतं. माझ्या जीपमध्ये सहा डोकी होती आणि त्यांत एकसुद्धा पॅसेंजर नव्हता. एकोणीस वर्षं दुसऱ्यांना घातलेल्या टोपीत त्या दिवशी माझंच डोकं होतं.

शकुबाई पाठ फिरवून पलीकडे गेली आणि लालसिंगच्या जीपमध्ये बसली.

मी तरीही निघालो नाही. हे वाचून तुम्ही मला वेडा म्हणाल, म्हणा. गाडी रिकामी काढायची म्हणजे काय, हे माझ्या हातापायांना माहीतच नव्हतं. मी परत ओरडलो, "चला हिंगोली, दोनच सीट!"

पुनमने दार उघडलं. ती चिडली नव्हती, रडतही नव्हती. म्हणाली, "पप्पा, आज मी खरी सीट हाय."

आणि उतरून ती पलीकडे निघाली. सात-नऊ झाले होते. ओढणी दाराच्या मुठीत अडकली, ती सोडवण्यात काही क्षण गेले. मग ती पळायला लागली. समोर लालसिंगने स्टार्टर मारला.

मी ओरडलो, "लालसिंग, थांब! थांब रे!"

तीन वर्षं जे करायला आम्ही फोन लावले, म्हातारे पाठवले, ते मी आता खरोखर मागत होतो, घसा फोडून. लालसिंगने माझ्याकडे पाहिलं. पोरीकडे पाहिलं. घड्याळाकडे पाहिलं. आणि गिअर टाकून गेला.

पुनम रस्त्याच्या मधोमध धुरात उभी राहिली. त्या क्षणी हातात दगड असता तर मी त्याची काच फोडली असती. डोकं फोडलं असतं. पण पुनम त्याच्या जीपकडे पाहत नव्हती. ती वळून माझ्याकडे पाहत होती.

मी गाडी सुरू केली, तिच्यापाशी नेली आणि म्हणालो, "बस." आणि निघालो.

मागे पाच खोटे तसेच बसलेले. हरिचंद फाळक्यावर हात आपटून ओरडायला लागला, "अरे भागवत, मला उतरव! माझा दुसरा नंबर हाय! अरे, लेकरांचा डबा हाय माझ्याजवळ!" मी ऐकलं नाही. पहिल्या फाट्यावर चार माणसं हात दाखवत होती. चार खऱ्या सीटा, गाठोडी घेतलेल्या. माझा पाय आपोआप ब्रेकवर गेला. मी तो उचलला. दुसऱ्या फाट्यावर सहा होती, तीही सोडली. चढावर लालसिंग दिसला. मी हॉर्नवर हात दाबून धरला. त्याने बाजू दिली, माझ्याकडे मान वळवली नाही.

गेटवर पोचलो तेव्हा आठ वाजून एकोणीस मिनिटं झाली होती. पुनम उतरली आणि पळाली. मी "नीट लिही" म्हणालो. तिला ऐकू गेलं की नाही, माहीत नाही.

मग मी हिंगोलीच्या स्टँडवर गेलो आणि लालसिंगची वाट पाहिली. माझ्यामागे ते पाच जण. तो आला, शेवटची सीट उतरली, तशी मी त्याची कॉलर धरली.

"काहून थांबला न्हाईस? पोरगी होती माझी! परीक्षा होती तिची! एक मिनिट थांबला असतास तर काय मेला असतास?"

त्याने माझा हात काढला नाही. माझ्या खांद्यावरून मागच्या पाच जणांकडे एकदा पाहिलं आणि म्हणाला, "तुझी गाडी उभी होती की तिथंच. चांगली भरलेली दिसून राहिली होती."

हरिचंद चपलेच्या अंगठ्याकडे पाहत राहिला.

"कॉलर सोड," लालसिंग म्हणाला. "पावणेनऊ वाजून राहिले."

मी सोडली. पावणेनऊला तो गोरेगावकडे निघाला. आमच्या पाच खोट्यांपैकी तीन जण त्याच्याच गाडीत भाडं देऊन बसले, कारण माझी जीप हिंगोलीहून कधी भरेल, हे त्यांच्याइतकं चांगलं कोणाला ठाऊक नव्हतं.

दुसऱ्या दिवशी मी पाटी लावली. ७.०५. लालसिंगच्या पाच मिनिटं आधीची, त्याच्या सीटा खाव्यात म्हणूनच लावली, दुसरा उदात्त हेतू नव्हता. आता त्या शिबिरातल्या पोरांना सांगतो, पाटी रंगवायला अर्धा तास लागतो. पहिले दोन महिने रिकामी गाडी हाकताना मागच्या बाकड्यांचा जो खडखडाट होतो ना, तो सहन करणं म्हणजे धंदा. आणि जुना यार रस्त्यात हात दाखवत पळत येतो, आरशात दिसतो, तेव्हा पाय ब्रेकवर जाऊ द्यायचा नाही. हे लालसिंगने सांगायला हवं होतं. पण त्याला त्यात काही जड गेलं नसेल, त्याला यारच नव्हते.

सहा महिन्यांत स्वप्निलने साडेसातची पाटी लावली, मग हरिचंदने आठची, शिव्या देत देत. आता स्टँडवर नंबर नाही, खोट्या सीटा नाहीत. लालसिंगच्या दोन जीपा झाल्या, तिसरी येते आहे, आणि शाल त्याला मिळाली. आम्ही अजूनही एकमेकांशी बोलत नाही.

पुनम पास झाली. हिंगोलीला एका कचेरीत लागली. रोज सकाळी जाते, संध्याकाळी येते. आणि जाते लालसिंगच्या गाडीने.

पहिल्या दिवशी मला वाटलं, चुकून गेली असेल. आठ दिवसांनी मी जेवताना विचारलं, "माझी गाडी पाच मिनिटं आधी निघते. काहून बसत न्हाईस?"

तिने भाकरी मोडली. म्हणाली, "पप्पा, तुमची गाडी सात-पाचला निघते हे मला माहीत हाय. पण मी त्या सीटवर बसले की मला अजून वाटतं, आता पप्पा म्हणतील, दोनच सीट."

शिवकन्येने आमटी वाढली. मी जेवलो.

त्यानंतर पुढची खिडकीची सीट मी कोणाला देत नाही. गाडी गच्च झाली तरी ती एक रिकामी ठेवतो. रोज सात-तीनला पुनम गल्लीतून येताना दिसते, खांद्याला पर्स, हातात डबा. चालत येते, घाई नसते तिला. सात-पाचला ती माझ्यापासून वीस-पंचवीस पावलांवर असते. एक मिनिट थांबलो तर दारातून तिला हाक मारता येईल, कदाचित येईलही. पण तिच्यासाठी एक मिनिट जरी थांबलो, तरी तिचं म्हणणं खरं ठरेल. म्हणून मी गिअर टाकतो आणि तिच्यासमोरून निघून जातो.